लुगड्याच्या रंगाचा फ्लॉवर

फ्लॉवर पांढरा का असतो, हे मला उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही. गड्डा हातात घेतात, उलटा करून दांडा बघतात, काळा ठिपका दिसला की खाली ठेवतात. पांढरेपणा सगळ्यांनी धरूनच चाललेला. जणू तो तसाच जन्माला येतो.

तो पांढरा असतो कारण आम्ही त्याला ऊन दिसू देत नाही. गिरणाऱ्याच्या अलीकडे नानांचा मळा होता, तिथं मी सव्वीस वर्षं मुकादमकी केली. हल्लीचं बियाणं असं आहे की पानं आपसूक गड्ड्यावर वळतात. आमच्या वेळी ते काम हातानं करावं लागे. गड्डा लिंबाएवढा झाला की त्याच्याच बाहेरची पानं वर ओढायची, माथ्यावर एकत्र धरायची आणि बांधून टाकायची. उघडा राहिला तर उन्हानं पिवळा पडतो, थंडी आणि ऊन एकदम लागलं तर गुलाबी झाक मारतो. चवीत काही फरक पडत नाही, पण मार्केटात असा माल पाटीतच राहतो.

एवढासा गड्डा आतल्या पानांत दडलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. बोट घालून चाचपायचा आणि बांधायचा. वाकून, पानं फाकवून बघणारा माणूस नवखा समजायचा. मी कधी बघून बांधलं नाही आणि माझ्या हाताखालच्या बायांनाही बघू दिलं नाही. त्याचा मला लय अभिमान होता. आता सांगतो त्या गोष्टीत तोच अभिमान नडला.

सुतळीनं पान कापतं, म्हणून बांधायला कापडाच्या पट्ट्या लागत. जुनी लुगडी फाडून त्या करायच्या. रोज वेगळ्या रंगाचं लुगडं. कारण एकदा झाकल्यावर आत काय चाललंय ते कळत नाही. लाल पट्टीचे आधी बांधलेत, म्हणून लाल आधी कापायचे, मग हिरवे, मग पिवळे. आमचं कॅलेंडर तेच.

पौषातल्या सकाळी धुकं असताना तुम्ही त्या वावरात शिरलात तर ओळीनं बायका बसल्यासारख्या दिसतात. डोक्यावरून पदर घेतलेल्या, माना खाली घातलेल्या, कुणाच्या माथ्यावर लाल गाठ, कुणाच्या हिरवी. शिवाय त्या आवाज करतात. हे शहरातल्या माणसाला खरं वाटत नाही, पण फ्लॉवर वाढताना वाजतो. आतले तुरे एकमेकांवर घासतात आणि कर्र कर्र असा बारीक आवाज येतो. वारा पडलेला असला, विहिरीवरचं पाण्याचं इंजिन बंद असलं की सगळं वावर कुजबुजतं. मी रोजचा माणूस, तरी धुक्यात एकट्यानं शिरताना आधी खाकरायचो.

आमच्याकडं पानं बांधायला जिवली होती. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरची. नवरा गेल्यावर मळ्यावर आली आणि दहा वर्षं बांधावरच्या खोपीत राहिली. मूलबाळ नव्हतं. हात असा चालायचा की दुसऱ्या बाईची एक सरी होईतो हिच्या दोन. तोंडही तसंच चालायचं. तो आवाज ऐकला की म्हणायची, "बघा दादा, सासवा बोलाया लागल्या." बाकीच्या बाया हसायच्या. हे बोलणं पुढं तिच्यावर उलटलं.

ही गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची. शेजारच्या द्राक्षबागेत कुणी परदेशी पाहुणा आला होता. बाग बघून झाल्यावर तो आमच्या बांधावर आला आणि मी पानं बांधतो ते बराच वेळ बघत राहिला. दुसऱ्या दिवशी बागेच्या ड्रायव्हरच्या हाती त्यानं मला बियाण्याची पुडी पाठवली. पुडीवर चित्र नव्हतं, नुसती अक्षरं. ड्रायव्हर म्हणाला, "मुकादम, वाचता येतं ना?"

"येतं," मी म्हणालो.

मी तिसरीतून शाळा सोडलेली. मराठी वाचतो, हे सगळं माझ्या हातानंच लिहिलंय. पण त्या पुडीवरचं एक अक्षर मला लागलं नाही. ते ड्रायव्हरला सांगायचं माझ्या जिवावर आलं. फ्लॉवरचं बी मी ओळखतो, तेवढं पुरे, असं म्हणून पुडी इंजिनच्या खोलीतल्या भिंतीच्या देवळीत ठेवली. पुढच्या हंगामात आमच्या रोपांशेजारी त्यातलं बीही टाकलं आणि विहिरीलगतची एक सरी त्या रोपांनी लावली. नानांना सांगितलं नाही. मनात होतं की गड्डे चांगले आले तर एकदम दाखवू. रोपांचे देठ जांभळट होते. ते मी पाहिलं होतं. थंडीनं होतात तसे, म्हणून सोडून दिलं.

त्याच वर्षी श्रावणात नानांची बायको गेली. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. तीन दिवसांचा ताप, बस. वय काहीच नव्हतं. नाना बोलके नव्हतेच, त्यानंतर तर नुसतं हूं आणि नाही. घर त्यांच्या आईच्या हाती गेलं. तिला मोठी आई म्हणत. मोठ्या आईनं तेराव्यानंतर वहिनींचं एक जांभळं लुगडं जिवलीला दिलं. चांगलं होतं, फक्त धुऊन धुऊन रंग उतरलेला. जिवलीनं ते अंगाला लावलं नाही. नानांच्या समोरून वहिनींचं लुगडं नेसून कसं जायचं, म्हणाली.

विहिरीलगतची सरी उशिरा बांधायला आली, कारण ते बीच उशिराचं होतं. त्या दिवशी पट्ट्या संपल्या. मी जिवलीला म्हणालो, "खोपीत काय असेल ते आण." ती ते लुगडं घेऊन आली आणि उभी राहिली.

"दादा, ह्ये वैनीचं हाय."

"कापड ते कापड."

"माझ्यानं नाय फाडवत."

मी तिच्या हातातून घेतलं आणि टर्रकन फाडलं. आडवं, काठापासून काठापर्यंत. आमच्या दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. सबंध सरी आम्ही त्या पट्ट्यांनी बांधली. नेहमीप्रमाणं चाचपून.

आठ दिवसांनी सकाळी जिवली पहिला गड्डा सोडायला गेली. मी विहिरीवर होतो. तिची हाक आली नाही, म्हणून मीच वर पाहिलं, तर ती सरीत उभी आणि हात तसेच पुढं धरलेले. मी गेलो. पानं उलगडलेली होती आणि आत जांभळा गड्डा होता.

झाक वगैरे नाही, सबंध जांभळा. आणि तो जांभळा कसा, तर तिच्या हातात सुटलेली पट्टी होती अगदी तसाच. धुऊन उतरलेला. मी दुसरा सोडला, तोही तसाच. तिसरा, चौथा. शेजारच्या सरीतला लाल पट्टीचा सोडला, तो पांढराफेक. जांभळ्या पट्टीखालचे तेवढे जांभळे. सगळ्या वावरात कर्र कर्र चाललेलं.

"दादा," जिवली हळू म्हणाली, "वैनी."

बाया जमल्या. मोठी आई काठी टेकत आली. आधी ती म्हणाली, लुगड्याचा रंग दवानं उतरला असंल. मी ओल्या फडक्यानं गड्डा पुसला, फडक्याला रंग लागला नाही. विळ्यानं उभा चिरला, तर आतला दांडा पांढरा आणि वरचा थर तेवढा जांभळा. वरून कुणी माखल्यासारखा, पण पुसून जात नाही असा. मोठ्या आईनं चिरलेला गड्डा काठीनं उलटा केला. मग तिनं विचारलं, "ही सरी बांधली कुणी?"

एका बाईनं सांगितलं की जिवलीनं. दुसरी म्हणाली, जिवली नेहमी म्हणते यात बाया बोलतात. तिसरीनं तो शब्द उच्चारला. भुताळी. शहरातल्या वाचकाला सांगतो, जिच्या नजरेनं माणसं मरतात असं लोक समजतात, ती भुताळी. डोंगराकडं हा शब्द चिकटला की बाईला घर राहत नाही, कधी कधी जीवही राहत नाही. वहिनी तीन दिवसांत का गेल्या, याचं उत्तर मोठ्या आईला एवढे दिवस सापडत नव्हतं. ते तिला त्या सरीत सापडलं.

आता तुम्ही विचाराल, मला पुडी आठवली नाही का. आठवली. त्याच सकाळी मी इंजिनच्या खोलीत गेलो, पुडी काढली, खालीवर करून बघितली. अक्षरं तशीच, मुकी. बियाण्यातून जांभळा फ्लॉवर येतो हे मी ऐकलेलं नव्हतं, आणि रंग तर लुगड्याचा होता. मी स्वतःच घाबरलेला होतो. पुडीचं सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, वर काय लिहिलंय. मी ती परत देवळीत ठेवली.

त्याऐवजी मी माझ्या पद्धतीनं सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. म्हणालो, "खायची वस्तू आहे. शिजवतो, तुमच्यासमोर खातो." खळ्यात तीन दगड मांडले, जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं चढवलं. आमच्या विहिरीचं पाणी जड, डाळ शिजायची नाही, म्हणून मळ्यावर प्रत्येक आधणात चिमूटभर सोडा टाकायची सवय. तसा मी टाकला आणि गड्डा फोडून सोडला.

पाणी निळं झालं.

आधी कडेनं, मग सगळं. नीळ कालवल्यासारखं, नंतर हिरवट. मला वाटलं, भांड्याचा दोष असेल, सोडा जास्त झाला असेल. सोडा मारायला लिंबू पिळतात, म्हणून मी एक लिंबू मागवलं आणि पिळलं. पाणी फसफसलं आणि लाल झालं. बघता बघता. कुंकू कालवल्यासारखं लाल.

बाया मागं सरकल्या. मोठ्या आईनं काठी दोन्ही हातांनी धरली. मी हट्टानं एक तुरा काढला आणि खाल्ला. चांगला लागला, हेही सांगून टाकतो. पांढऱ्याला शिजताना जो उग्र वास येतो तो नव्हता, आणि गोडसर होता. पण मी खातोय इकडं कुणाचं लक्षच नव्हतं. सगळ्या जिवलीकडं बघत होत्या. तिला वाचवायला मी चूल मांडली आणि माझ्याच हातानं तिच्यावर शिक्का मारला.

मोठी आई म्हणाली, "उद्या सकाळी खोप रिकामी पाहिजे."

नाना ओट्यावर उभे होते. ते हूं म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

जिवली माझ्याकडं आली. रडत नव्हती. "दादा, लुगडं तुमी फाडलं. एवढं तरी सांगा."

मी पातेलं उतरवत होतो. मी ते उतरवतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी खोप रिकामी होती. ती भावाकडं पाड्यावर गेली असणार, दुसरं कुणी तिला नव्हतं. आमच्याकडच्या निम्म्या बाया त्याच बाजूच्या. दर आठवड्याला त्या हरसूलच्या बाजाराला जात, आणि त्यांच्याबरोबर तो शब्द जाणार हे मला कळत होतं. बाजार तीन दिवसांवर होता. भावाच्या पाड्यावर भुताळी म्हणून नाव पोचलं की तिथलंही दार बंद. त्यापुढं काय, ते मी मनात आणू देत नव्हतो.

मोठी आई ती सरी उपटून जाळा म्हणत होती. मी आठ-दहा गड्डे पोत्यात घातले आणि पुडी खिशात टाकली. वस्तू काय आहे हे जगात कुणाला तरी ठाऊक असेलच. मार्केटात विचारलं तर अडत्यांनी पोत्यात डोकावून हात जोडले. एक हमाल म्हणाला, देवळालीला जा, तिकडं कॅम्पातली माणसं काय वाट्टेल ते खातात.

देवळालीच्या बंगल्यांमधून मी पोतं घेऊन फिरलो. तिसऱ्या की चौथ्या फाटकात एक पारशी म्हातारी कुत्र्याला अंघोळ घालत होती. पोत्यात बघितलं आणि तिनं कुत्रा सोडून दिला.

"अरे डिकरा, हा तुला कुठे मिळाला?"

"लावला."

"तू लावला? माझा हसबंड जहाजावर होता. तिकडे इटलीमध्ये मी हा पोट भरून खाल्ला. पण हा एवढा फिक्का का? आजारी दिसतो."

मी सांगितलं की बांधून ठेवला होता.

ती हसत सुटली. "ह्याला कोण बांधते? गाढवा, ह्याला ऊन पाहिजे. जेवढा ऊन तेवढा काळा."

मी तिथंच फाटकाशी बसलो. तेव्हा मला उलगडलं. लुगडं धुण्यानं फिकं झालेलं आणि गड्डे झाकण्यानं फिके झालेले, म्हणून दोघांचा रंग एक आला. सरी एकाच बियाण्याची, म्हणून एकदम बांधायला आली, म्हणून एकाच लुगड्यानं बांधली गेली. यात वहिनी कुठंच नव्हत्या.

मी पुडी पुढं केली. तिनं चष्मा लावला. "इंग्लिश नाही हे. पण हा शब्द जांभळ्याचा आहे. सरळ लिहिलाय, बघ. तुला वाचता येत नाही?"

"नाही," मी म्हणालो. एका अनोळखी बाईला सांगताना काही जड गेलं नाही.

पाण्याचं विचारलं तर म्हणाली, सोड्यानं निळा, आंबट पडलं की लाल, आमच्याकडं शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, घालून मुद्दाम लाल करतात. सगळे गड्डे तिनं ठेवून घेतले.

इथं थोडं थांबून त्या रंगाचं सांगतो. ऐंशीनंतर मळ्यावर शेतकी खात्याचे एक साहेब येत, त्यांना मी सगळं खोदून खोदून विचारलं. जांभूळ, काळी द्राक्षं, वांग्याची साल यांत जो रंग, तोच या फ्लॉवरात. तो अंगाला चांगला असतो, पण पाण्यात उतरतो. म्हणून उकळून पाणी फेकू नये, वाफवावा नाहीतर कच्चा खावा. नारिंगी रंगाचाही फ्लॉवर परदेशात निघालाय म्हणाले, त्यात गाजरातलं सत्त्व, डोळ्यांना उपयोगी, आणि तो रंग पाण्यात सुटत नाही. हिरव्यात पानांचा गुण. मग मी विचारलं, आपला पांढरा काय नुसता भुसा? ते म्हणाले, छे, लिंबात असतं ते जीवनसत्त्व त्यातही भरपूर आहे, फक्त रंगाचं जे असतं ते त्याला नाही. मी म्हणालो, नसणारच साहेब, आम्ही त्याला मिळूच देत नाही.

देवळालीहून परतलो तेव्हा बाजाराला एक दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना विहिरीलगतच्या सरीत होते. ते रोज तिथं जाऊन बसतात हे मला इंजिनवाल्यानं सांगितलं होतं. धुकं होतं. राहिलेल्या गड्ड्यांची पानं त्यांनी पुन्हा वर ओढून त्याच पट्ट्यांनी बांधली होती, आणि ते त्यांच्या ओळीत, त्यांच्यासारखेच खाली मान घालून बसले होते.

मी सगळं सांगितलं. पाहुणा, पुडी, वाचता न येणं, लुगडं मी फाडलं ते. नाना ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुला ऐकू येतं का?"

"नाना, गड्डा फुगताना वाजतो."

"ते मला माहीत आहे. जन्म गेला इथं. या सरीतलं ऐक."

मी ऐकलं. आता काय सांगू. बाकीचं वावर कर्र कर्र करत होतं. त्या सरीत आवाज थांबत थांबत येत होता, मध्ये जागा सोडून, कुणी उत्तराची वाट बघावी तसा. कदाचित त्या बियाण्याचे तुरे विरळ असतील, त्यामुळं असेल. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. त्या वेळी मी एवढंच म्हणालो, "नाना, जिवलीला परत बोलवा."

"तू हे सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं," नाना म्हणाले. मग उठले, धोतर झटकलं. "आई तिला इथं ठेवणार नाही. मी आईपुढं बोलू शकत नाही. तू बाजारात जाऊन काय करायचं ते कर. गड्डे घेऊन जा."

एक ठेवून बाकीचे मी कापले.

हरसूलच्या बाजारात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. शब्द माझ्या आधी पोचला होता हे लांबूनच कळलं. मीठवाल्याच्या पलीकडं जिवली एकटी उभी होती, आणि एवढ्या गर्दीच्या बाजारात तिच्याभोवती बैलगाडी वळेल एवढी मोकळी जागा होती. तिचा भाऊ पाड्यावरच्या म्हाताऱ्यांबरोबर झाडाखाली बसलेला, तिच्याकडं पाठ करून.

मी म्हाताऱ्यांपुढं दगड मांडले. माणसं जमली. मी मोठ्यानं सांगितलं की हे बी परदेशातलं आहे, मी लावलं, पुडीवर लिहिलेलं मला वाचता आलं नाही, आणि लुगडं मी फाडलं. या बाईचा यात काही संबंध नाही. मग पातेलं चढवलं. माझ्या मनात असं, की आधी सांगून केलं म्हणजे भीती जाईल.

"आता सोडा टाकतो. पाणी निळं होईल बघा." झालं.

"आता लिंबू पिळतो. लाल होईल." झालं.

मी तुरा काढून खाल्ला आणि सगळ्यांकडं बघितलं. कुणी हसलं नाही. मधोमध बसलेला म्हातारा पातेल्यात बघत होता, मग त्यानं माझ्या हातांकडं बघितलं.

"तू म्हनशील तसं पानी व्हतं," तो म्हणाला.

"व्हतं म्हणजे, तो सोड्याचा गुण..."

"बी तूच आनलंस."

"होय."

"लुगडं तूच फाडलंस. मेलेल्या बाईचं."

"होय, पण..."

"मंग हिचं नाव कशाला घेतात? भुताळा तर तू हाय."

गर्दीतली माणसं एक पाऊल मागं गेली. माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडलं, पारशी बाईचं सांगणार, इटलीचं सांगणार, शिरक्याचं सांगणार. तेवढ्यात जिवली पुढं आली. त्या मोकळ्या जागेतून चालत, सरळ माझ्यासमोर.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "तवा गप बसलात. आताबी गप बसा."

तिच्या मागं तिचा भाऊ झाडाखालून उठला होता. त्यानं अंगाखालचं घोंगडं थोडं सरकवलं आणि तिला बसायला जागा केली. एक म्हातारी लगेच तिच्याशी काहीतरी बोलायला लागली.

मी तोंड मिटलं. म्हाताऱ्यानं परत विचारलं, "तूच ना?"

"मीच," मी म्हणालो.

जिवली मळ्यावर परत आली नाही. भावाकडं राहिली, नागली म्हणजे नाचणी लावली, म्हातारी होऊन तिथंच गेली, आणि तिच्या मातीला सगळा पाडा होता असं ऐकलं. तिकडच्या बाया माझ्या हाताखाली पुन्हा कधी आल्या नाहीत, आणि त्यांचं ऐकून बाकीच्याही गळाल्या. पुढची पाच-सात वर्षं पानं मी आणि इंजिनवाल्यानं बांधली, आणि ती बघून बांधली.

अजूनही कधी कामानं हरसूलच्या एसटीत बसतो. गाडी गच्च भरलेली असते, माणसं दांड्याला लटकलेली असतात. जुनी माणसं नव्यांच्या कानाला लागतात. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. मी पाय पसरून बसतो आणि कुणाला बसा म्हणत नाही.